लेकीची दाढ, माझी पोटदुखी

दाढ दुखत होती लेकीची आणि पोटात दुखत होतं माझ्या. आज मी हे हसत सांगते. पण त्या संध्याकाळी जेवता जेवता लेक म्हणाली, “परत जायाचं आसंल तर आई नको. काकी येऊ दे,” तेव्हा हातातला घास हातातच राहिला. समोर माझी धाकटी जाऊ बसली होती. तिनं मान खाली घालून आमटी भुरकली. ती हसली असणार. मला दिसलं नाही, पण हसली असणार.

जायचं होतं ते दाताच्या डॉक्टरांकडे. पोर तिसरीत. खालची उजवी दाढ किडलेली. किडणार नाही तर काय? जाऊ गडहिंग्लजच्या पलीकडची, पार कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेली. माहेराहून येताना ती दर वेळी काकवीचा डबा आणते आणि माझी लेक शाळेतून आली की चपाती काकवीत बुडवून खाते. आमच्या घरात एकच चूल, त्यामुळे डबा लपवायचा तरी कुठं? काकवी काकीची, गोडवा काकीचा आणि कीड तेवढी माझ्या गळ्यात.

त्याच दिवशी मी लेकीला घेऊन गेले होते. आता मी म्हणजे कोण, तर बसची कंडक्टर. कोल्हापूर ते वारणानगर ही माझी नेहमीची फेरी. दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना “ओ पावणं, आत सरा, न्हाईतर खाली उतरा” म्हणून ओरडले की गाडी आपोआप रिकामी दिसायला लागते. दारू पिऊन चढलेल्याला मी एकटीनं बखोटीला धरून उतरवलेलं आहे. घरात, डेपोत, गल्लीत, मी कुणाला भिते असं कुणी म्हटलेलं नाही.

तर दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच मी सुरू केलं. “भ्यायाचं न्हाई हं. सुई टोचत न्हाईत. दुखत न्हाई. रगात येत न्हाई. दाढ काय उपटत न्हाईत लगीच.” पोरीनं यातलं काहीही विचारलं नव्हतं. ती जिन्यातल्या मांजराकडे बघत होती. माझं बोलणं ऐकून तिनं मांजर सोडलं आणि माझ्याकडे बघायला लागली.

वर बाकावर बसलो. तो वास आला, लवंगेचा आणि स्पिरिटचा. आतून ते यंत्र घूंऽऽ करत होतं. मी पोरीचा हात हातात घेतला, तिला धीर म्हणून. घरी आल्यावर तिनं सगळ्यांना तिचा तळवा दाखवला, माझी चार नखं उमटली होती त्यात. आतून एक मुलगी आली आणि लेकीचं नाव पुकारलं. माझ्या अंगात एकदम आग उठली. “आमच्या आधी ही माणसं बसल्याती, ती का मागं? आमालाच का आधी?” म्हणून मी त्या मुलीवर चढले. ती म्हणाली, त्यांचं काम झालंय, ती औषधासाठी बसलीत. मी म्हणाले, “मला शिकवू नगं.” पोरीला दंडाला धरलं आणि खाली उतरले. नंबर लवकर आला म्हणून भांडणारी मी पहिलीच असेन.

घरी सांगितलं, डॉक्टर उद्धट आहे. तेव्हाच पोर मधे बोलली. “डॉक्टर काय बोललीच न्हाई. डॉक्टर आमी बघितलीच न्हाई. आई भ्याली.”

भ्याली. एवढासा शब्द. नवरा माझ्याकडे बघायला लागला, दीर बघायला लागला, आणि जावेनं शांतपणे विचारलं, “मग मी नेऊ का, अक्का?”

या जावेबद्दल आधीच सांगायला हवं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ती एका कारखान्याच्या ऑफिसात बसते. त्या वसाहतीचं नावच पंचतारांकित आहे, त्याला तिचा इलाज नाही, पण पाहुण्यांना सांगताना ती तो शब्द कधी गाळत नाही. कंपनीची गाडी तिला कोपऱ्यावरून नेते. गळ्यात पट्टीला ओळखपत्र, ओठावर हलकी लाली. मी खाकी घालून घामानं भिजून येते तेव्हा ती अंघोळ करून गॅलरीत उभी असते. यातलं सगळं मी सोडून दिलं असतं. पण तिचे दात! रविवारी विहारात ती वंदना म्हणायला पुढे उभी राहिली की बायका तिच्या तोंडाकडे बघतात. उसाचं कांडं ती दातानं सोलते, पेऱ्यासकट, आणि त्या वेळी मी माझं डाव्या दाढेखाली सांभाळून चावत असते. उजव्या बाजूनं मी कित्येक वर्षं काही चावलेलं नव्हतं. एखाद्याबद्दल मनात अढी असली की आपण म्हणतो, माझा त्याच्यावर दात आहे. माझाही जावेवर दात होता, आणि तोच नेमका किडका.

ती घेऊन गेली पोरीला. तासाभरात दोघी परत आल्या त्या जिन्यातून गात. पोरीच्या हातात रबरी हातमोज्याचा फुगा, त्यावर पेनानं डोळे काढलेले. “ह्यो कोंबडा! डॉक्टरबाईनं दिला! खुर्ची वर जाती, खाली जाती! काकी बी बसली खुर्चीत!” पोर बोलत होती आणि मी भाकरी थापत होते. भाकरी फाटली. पोरीला हसताना बघून मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? नाही झाला. मला वाटलं, हा कोंबडा फुटावा.

“आज नुसती बघितली,” जाऊ म्हणाली. “आजून तीन-चार खेपा हायत. किडकं कोरून काढायचं, मग औषध भरायचं. भूल द्यायला लागंल एकदा.”

“सुई?” मी विचारलं.

“अक्का, पोरीम्होरं तो शब्द काढू नका,” ती हळूच म्हणाली. “डॉक्टरबाईनं सांगितलंय.”

म्हणजे माझ्या पोरीसमोर मी काय बोलायचं, हे आता हिच्याकडून शिकायचं. मी दात-ओठ खाल्ले, आणि नेमके उजव्या बाजूनं खाल्ले. कळ थेट कानात गेली.

पुढच्या खेपेला मी रजा टाकली. जाऊही निघाली. मी म्हणाले, तुझं काय काम? तर पोर म्हणाली, “काकी पायजे.” तिघी गेलो. आतून नाव पुकारलं तशी मी सगळ्यांच्या आधी उठले. डॉक्टरबाई दारात आल्या. पन्नाशीच्या, केस कापलेल्या, आवाज माझ्यासारखाच खणखणीत. त्यांनी आधी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “आई कोण? तुमी व्हय? वैनी, तुमी भाईर बसा.”

“मी आई हाय!”

“म्हणूनच. काकींना येऊ दे.”

दार लागलं. बाकावर मी आणि गाल सुजलेला एक म्हातारा. आतून आधी डॉक्टरबाईंचा आवाज, मग जावेचा, आणि मग पोरीचं हसू. तिघी मिळून हसत होत्या. पोटात इतकं दुखायला लागलं की वाटलं, डॉक्टरच चुकले, पोटाच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. माझ्या पोटचं पोर, नऊ महिने मी वाहिलेलं, आणि धीर द्यायला ती पंचतारांकित. तोंड उघडलं की मोत्यासारखे दात दिसतात म्हणून पोरीला ती आवडते, मी तोंड उघडलं की काय दिसतं? शेजारचा म्हातारा म्हणाला, “लई दुखतंय का हो तुमचं?” मी म्हणाले, “व्हय.” तेवढंच खरं बोलले त्या दिवशी.

काम झाल्यावर डॉक्टरबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. जाऊ पोरीला घेऊन फुगा भरायला गेली. मी भांडायच्या तयारीनंच गेले, पण डॉक्टरबाईंनी भांडायला जागाच दिली नाही.

“राग येऊ देऊ नका. पोरगी दाताला भीत न्हाई. ती तुमच्या तोंडाकडं बघती आन् भिती. लेकरं आईच्या तोंडावरनंच ठरवत्यात, हितं वाघ हाय का न्हाई ते.” मग जरा पुढे वाकल्या. “लवंग धरलीया न्हवं दाढंत? वास येतोय. किती वर्सं झाली, तुमी कुणाला दाखवलं न्हाई?”

मी म्हणाले, मला काही झालेलं नाही. मला भीती नाही, मला या लोकांचा राग येतो. पैसे घेतात, थांबवून ठेवतात, उद्धटपणा करतात.

“राग येतोय व्हय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दारात आल्यावर हात गार पडत्यात का? तोंड कोरडं? आदल्या रात्री झोप?” मी हात पदराखाली घेतले. “वैनी, ह्याला राग म्हणत न्हाईत. तुमची भीती खाकी घालून येती, एवढंच.”

बाहेर आल्यावर मला डॉक्टरबाईंचाही राग आला. पण हात बघितले तर खरंच गार होते, आणि मार्च महिना चालू होता.

त्याच आठवड्यात वारणानगरहून परत येताना गाडी खच्चून भरलेली होती. एका थांब्यावर एक म्हातारी उतरत होती. तिचा एक पाय खाली, एक पायरीवर, आणि हातातली पिशवी आतल्या दांडीला अडकलेली. कुणा पोरानं मस्करीत डबल बेल मारली आणि गाडी हलली. मी बेलची दोरी ओढली. एक बेल. गाडी जागच्या जागी उभी. डायव्हरनं मागे वळून बघितलं नाही, का म्हणून विचारलं नाही. एक बेल म्हणजे थांब, एवढंच त्याला कळतं. म्हातारी उतरली, पिशवी सुटली, तिनं लुगडं सारखं केलं. मग मी दोन मारल्या आणि गाडी सुटली.

त्या दोरीला धरून उभी असताना मला आमच्या गावातली शाळा आठवली. तेव्हा मी आत्ताच्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेन. शाळेच्या व्हरांड्यात दात तपासायला बाहेरून माणसं आली होती. मुख्याध्यापकांची लाकडी खुर्ची बाहेर काढली होती. माझा एक दात काढायचा ठरला. एकानं डोकं धरलं, दोघांनी हात, आणि आमच्याच गल्लीतल्या मामानं पाय. “झालं, झालं,” सगळे म्हणत होते, आणि झालेलं नव्हतं. मी खुर्चीच्या हातावर तळव्यानं थापा मारत होते. थांबा म्हणून. कुणी थांबलं नाही. दुखलं किती, ते मला आज आठवत नाही. थापा मात्र आठवतात, आणि ते “झालं, झालं” आठवतं. तेव्हापासून कुणी “झालं” म्हटलं की मी भांडायला उठते.

मला दुखण्याची एवढी भीती नव्हतीच. दोरी दुसऱ्याच्या हातात, याची होती. आणि मी बसमध्ये राणीसारखी का वागते, तेही मला त्या दिवशी कळलं. तिथं दोरी माझ्या हातात असते.

ड्युटी संपल्यावर मी कोणालाही न सांगता डॉक्टरबाईंकडे गेले आणि उभ्या उभ्या विचारलं, “मधीच थांबा म्हटलं तर थांबणार का?”

“थांबणार की. मी सगळ्यांनाच सांगते, हात वर करा.”

“हात न्हाई,” मी म्हणाले. “हात प्रवासी वर करत्यात. थांबवायचं का न्हाई, ते आमी ठरवताव. मला बेल पायजे.”

मग मी त्यांना समजावून सांगितलं. एक म्हणजे थांब, का ते विचारायचं नाही. दोन म्हणजे चल. दोन पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि “झालं” हा शब्द खरंच होईपर्यंत काढायचा नाही. त्या म्हणाल्या, “मान्य. पर बेल कुठली?” मी पाकिटातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि खुर्चीच्या स्टीलच्या दांड्यावर वाजवलं. टण्.

मी माझी दाढ दाखवणार, हे आता जावेला कळू द्यायचं नव्हतं. लेकीला मात्र सांगितलं, कारण तिला बरोबर न्यायचं होतं. “काकीला सांगायाचं न्हाई,” मी म्हणाले.

“का?”

“आसंच. आपलं दोघींचंच.”

पोरीचे डोळे चमकले. काकीपासून लपवण्यासारखं माझ्याकडे काहीतरी आहे, याचाच तिला आनंद झाला असावा. मला तर झालाच.

ठरलेल्या दिवशी मी खुर्चीत आणि लेक बाजूच्या स्टुलावर. खुर्ची मागे कलली तसं छत दिसायला लागलं आणि दातखिळी बसली. अक्षरशः बसली. डॉक्टरबाई “आ करा” म्हणत होत्या आणि जबडा उघडत नव्हता. लेकीनं माझा हात धरला. तिनं नखं मारली नाहीत. ती म्हणाली, “आई, दुखंल जरा. पर बेल हाय की तुझ्याकडं.”

सुई हातात घेतली तशी मी टण् केलं. डॉक्टरबाईंचा हात हवेत थांबला. खरंच थांबला. मी दहा-वीस श्वास घेतले असतील. कुणी घाई केली नाही. मग टण् टण्. सुई हिरडीत गेली, मुंगी चावावी तशी, आणि जरा वेळानं गाल कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा झाला. यंत्र सुरू झालं. टण्. थांबलं. टण् टण्. सुरू झालं. मग मी नुसतं बघायला पुन्हा टण् केलं. दुखत काही नव्हतं, पण ती बाई थांबते का, हे बघायचं होतं. थांबली. पुन्हा एकदा केलं, पुन्हा थांबली.

“वैनी,” डॉक्टरबाई मास्कमधून म्हणाल्या, “ही गाडी काय परत्येक झाडाखाली थांबणार हाय का?”

लेक इतकी हसली की स्टुलावरून पडायला आली. दाढ माझी होती, पण त्या दिवशी दात काढले ते लेकीनं.

घरी येताना एक गाल बधीर, तरी मी हसत होते आणि हसू वाकडं येत होतं. जावेनं विचारलं, “अक्का, तोंड आसं का?” मी म्हणाले, “मधमाशी चावली.” पोर मोरीत जाऊन हसून आली.

मग लेकीची शेवटची खेप आली, भूल द्यायची. जावेनं अर्धा दिवस रजा काढली होती. मी नवी साडी नेसले होते, केस विंचरून वर गजरा. आता ही पोर कुणाला आत नेणार, हे मला माहीत होतं. बाकावर बसल्या बसल्या मी जावेकडे बघून जरा दयेनं हसलेसुद्धा. बिचारी, रजा फुकट गेली तिची.

नाव पुकारलं. आम्ही दोघी एकदम उठलो. लेकीनं काकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कुणीच नको,” ती म्हणाली. “मी एकटी जाती.” आणि माझ्यापुढे हात पसरला. “आई, रुपाया.”

“आत्ता कशाला गं रुपाया?” जाऊ म्हणाली. “चाकलेट खायाचं न्हाई आज.”

मी नाणं दिलं. पोरीनं ते मुठीत धरलं आणि ती गेली. आतून डॉक्टरबाई म्हणाल्या, “या कंडक्टरबाई,” आणि दार लागलं. मी बसले. इतके दिवस जावेवर जळत होते, आता त्या डॉक्टरबाईवर जळायला लागले. माझी पोर, माझं नाणं, माझी बेल, आणि ऐकणार ती.

जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग यंत्र लागलं. जावेनं पदराला हात पुसले.

टण्.

यंत्र थांबलं. मी बाकावरून अर्धी उठले. दार ढकलावं, आत जावं, म्हणावं, मी हाय. पाय पुढे गेलाच होता. जावेनं माझं मनगट पकडलं. तिचा हात गार होता. “अक्का, काय झालं? कसला आवाज त्यो?” एक बेल पडल्यावर गाडीतलं कुणी हलत नाही. दोरी ज्याच्या हातात, तोच ठरवतो. मी दाराकडे बघत तशीच अर्धवट उभी राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. वारणानगरची फेरी एवढी लांब कधी वाटली नव्हती.

टण् टण्.

यंत्र पुन्हा सुरू झालं. मी खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडावर हसू होतं, दोन्ही एकदम, आणि दोन्ही जावेला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

“अक्का, सांगा की. काय वाजलं आत?”

“काय की,” मी म्हणाले.

तिला अजून सांगितलेलं नाही.